हिराजीचा झेंडा

हिराजी आज पहाटे गेला, आणि त्याच्या देहावर कोणत्या पक्षाचा झेंडा घालावा यावरून गव्हाण गावी त्याच्याच अंगणात वाद झाला.

मी पिशवी छातीशी धरून उभा होतो. तिच्यात काय आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मागील विधानसभा निवडणुकीच्या वेळी आमच्या भागाचे पुढारी असलेल्या साहेबांनी पक्ष सोडला. त्यांच्यामागून सारे गाव गेले. हिराजीचा मुलगाही गेला.

रस्ता साहेबांनी आणला, बंदरात पोरे नोकरीला साहेबांनी चिकटवली. पक्षाने काय केले, असा गावाचा रोखठोक सवाल होता.

हिराजी गेला नाही.

मतदानाच्या दिवशी मतदारांना यादीतील क्रमांकाच्या चिठ्ठ्या देण्यासाठी जुन्या पक्षाचे टेबल त्याने एकट्याने मांडले. मी सोबतीला बसलो.

रांग लागली ती आमच्याच टेबलाशी! हिराजीला सारे नाना म्हणत.

"नाना, माजं नाव बघ."
"नाना, चा तरी पाज!"

साहेबांच्या टेबलावर माश्या.

मी हर्षभरित होऊन म्हणालो, "हिराजी, हे केंद्र आपले!"

तो हसला. "मास्तर, चिठ्ठी माज्याकडनं नेतान, मत सायबांना देतान. माजं मन राखतान, दुसरं काय!"

"मग तू बसलास कशाला?"

"हारायला पन मानूस लागतो ना!"

केंद्र गेले. जागाही गेली.

काही दिवसांनी टेबलावरचा झेंडा घेऊन तो पनवेलला माझ्या घरी आला. "आमच्या घरान याला जागा नाय आता. तुमी ठेवा."

आज मुलाच्या हाती नवा झेंडा होता. "आई, सायेब येतान. काय दिसंल ते?"

हिराजीची पत्नी म्हणाली, "जल्मभर एकच धरला यांनी. आता उठून बोलत नाय, म्हनून बदलतंस?"

मी पिशवी उघडली.

जुना झेंडा देहावर पसरला, तोच साहेब आले. सर्वांच्या नजरा त्यांच्या चेहऱ्यावर खिळल्या. हिराजीकडे कोणी पाहत नव्हते.

साहेबांनी झेंडा पाहिला. हात जोडले.

मग मुलाने जोडले. मग गावाने.

"केवढा मोठेपणा!" असे लोक म्हणत होते. असेलही. परंतु साहेबांच्या कपाळावर आठी पडली असती, तर तेच हात झेंडा ओढायला धावले नसते, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. घरी येऊन हे लिहायला चार वेळा बसलो, चार वेळा उठलो.

हिराजी, पुढच्या मतदानाला टेबल मी मांडीन.

माझ्याकडे चिठ्ठी न्यायला कोणी येईल, असे वाटत नाही. ते तुझ्याकडे येत होते.

मित्रा, अखेरचा नमस्कार.