दोन कंटेनर, एकच साठा

प्राण्यांच्या दवाखान्यातले संगणक ताई सांभाळायची. तिथलं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःपुरत्या बंद खोलीत चालायचं. एक्स-रे मात्र त्या खोलीबाहेर, व्हॉल्यूम नावाच्या साठ्यात ठेवलेले असायचे. खोली मोडली तरी ते शाबूत राहायचे.

नवं सॉफ्टवेअर तपासायला तिने दुसरा कंटेनर उभा केला. खरे एक्स-रे हवेत म्हणून त्यालाही तोच साठा जोडला. तपासणी झाल्यावर, ही तर सरावाची प्रत, पसारा कशाला ठेवायचा म्हणून तिने तिथले एक्स-रे पुसून टाकले.

तेवढ्यात शस्त्रक्रियेच्या खोलीतून डॉक्टर ओरडले, "ताई, कुत्र्याचा एक्स-रे कुठे गेला? आत्ता तर समोर होता!"

ताईच्या एकदम लक्षात आलं. सरावासाठी वेगळी प्रत नव्हतीच; दोन्ही कंटेनर एकाच साठ्यात हात घालत होते. आणि आत कुत्रा भूल देऊन आडवा, पोटात गिळलेली सुई!

ती दाराशी धावली. "डॉक्टर, मीच पुसला. चुकून. सगळेच गेले."

"सगळे?" डॉक्टर कुत्र्याकडे वळले. मग म्हणाले, "रडायचं नंतर. मशीन इकडे ढकला, पुन्हा काढू."

तिने मशीन ढकलत टेबलापाशी नेलं. पडद्यावर सुई दिसली, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. कुत्रा वाचला.

जुने एक्स-रे आदल्या दिवशीच्या बॅकअपमधून परत आले, पण त्या सकाळचे गेले ते गेलेच. त्या प्राण्यांच्या मालकांना ताईने स्वतः फोन करून पुन्हा एक्स-रे काढायला बोलावलं.

पहिल्याच बाई कडाडल्या, "म्हणजे मांजराकडून मी परत बोचकारून घेऊ?"

"मांजर मी धरते," ताई म्हणाली.