आईने भरवलेला जवान

मुलुंडला आमच्या घराजवळच्या बागेत युद्धकाळात सेवा केलेल्या स्त्रियांचं एक छोटं स्मारक आहे. काळा दगड, त्यावर एक ओळ, भोवती शेवंतीच्या कुंड्या. गेल्या डिसेंबरात त्याला वर्ष झालं, म्हणून भागातल्या माजी सैनिकांनी कार्यक्रम ठेवला आणि माझ्या आईला पहिल्या रांगेत बसवलं. आई नर्स होती. एकाहत्तरच्या लढाईत लष्करी रुग्णालयात माणसं कमी पडली, तेव्हा इथली नोकरी बाजूला ठेवून ती आपण होऊन तिकडे गेली. मी जेमतेम वर्षाची होते. मला तिने सात-आठ महिने मावशीकडे ठेवलं.

शाल झाली, श्रीफळ झालं, माइकने दोनदा किंकाळी फोडली. आई शालीचं टोक चिमटीत धरून पोत बघत होती. मग घाटकोपरहून आलेले एक आजोबा बोलायला उठले. कानात मशीन, अंगात ब्लेझर, छातीवर पदकं. लढाईत जखमी होऊन ते आईच्याच वॉर्डात होते म्हणे.

"माझे दोन्ही हात भाजलेले," ते म्हणाले. "कोपरापर्यंत पट्ट्या. दुसऱ्याच्या हातून जेवायची लाज वाटायची, म्हणून मी जेवणच सोडलेलं. तेव्हा या सिस्टर ड्यूटी संपली की माझ्या खाटेवर येऊन बसायच्या आणि मऊ भात भरवायच्या. हा घास चिऊचा, हा घास काऊचा. एवढा घोडा मी, अख्खा वॉर्ड हसायचा. पण वाटी रिकामी झाल्याशिवाय त्या उठायच्या नाहीत."

टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी पदराने डोळे टिपले. माझ्या अंगाची मात्र लाही लाही झाली.

कारण ही बाई माझ्या ओळखीची नव्हती. माझी आई म्हणजे काखेत थर्मामीटर खुपसून घड्याळाकडे बघणारी. गुडघा फोडून रडत घरी आले की, "दाखव. टाके नाही लागणार. ऊठ." माझा डबा वेळेवर असायचा, युनिफॉर्मला इस्त्री असायची, औषधाचा चमचा तर हमखास असायचा. लाड नव्हते. चिऊकाऊचे घास मला माहीत आहेत, पण ते मावशीच्या आवाजातले. शाळेत मैत्रिणींच्या आया त्यांच्या वेण्या घालताना बघून मी जळायचे. आणि आता, स्वतः सासू झाल्यावर, मी एका म्हाताऱ्या माणसावर जळत होते. हसू येत होतं माझं मलाच, पण जळणं काही कमी होत नव्हतं.

भाषणं संपल्यावर बटाटेवड्यांच्या बशा फिरल्या. आजोबा आमच्याकडे आले आणि आईच्या पाया पडायला वाकले. आईने त्यांना अर्ध्यावरच उठवलं आणि त्यांचे हात हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले, बोटांच्या बेचक्यांतली कातडी अंगठ्याने दाबून पाहिली.

"छान भरलंय," ती म्हणाली, आणि हात सोडायला विसरली. मी वड्याची बशी धरून उभी होते.

"ताई, नशीबवान आहात," ते मला म्हणाले. "अशी आई मिळाली."

"मिळाली ना," मी म्हटलं. "तुम्ही ठेवलीत तेवढी मिळाली."

त्यांना ती गंमत वाटली. ते मनापासून हसले. आईने मात्र माझ्याकडे एकदा नीट बघितलं.

आम्ही घरी आलो. संध्याकाळी मी वरणभाताचा कुकर लावला, पानं घेतली, आणि मला राहवेना.

"मला का नाही कधी भरवलंस?"

"हात धड नाहीत का तुझे?"

"लहानपणी म्हणतेय मी, आई."

तिने भातावर वरण घेतलं. मीठ मागितलं. मी मीठ वाढलं आणि जेवायला लागले.

"भरवायला बसले होते," ती म्हणाली. "तिकडून आले त्याच दिवशी. तू ओळखलंच नाहीस मला. घास पुढे केला की तोंड फिरवायचीस आणि मावशीच्या पदरात शिरायचीस. तिच्या हातून मिटक्या मारत खायचीस. माझ्यासमोर. असे किती दिवस गेले. तिच्यावर इतकी जळायचे मी. माझी पोर सांभाळली तिनं, आणि मी तिच्याशी धड बोलायचे नाही."

मावशीला जाऊन बरीच वर्षं झाली. तिने हे कधी मला सांगितलं नव्हतं. तरी माझा राग अजून पुरता उतरला नव्हता.

"मग पुन्हा करून बघायचंस ना," मी म्हटलं. "चार दिवसांत विसरतात पोरं. त्या जवानापाशी किती चिकाटी होती तुला."

"तो परका होता गं. त्यानं तोंड फिरवलं तरी चालत होतं." भात कालवताना तिची बोटं थांबली. "तू पुन्हा फिरवलं असतंस तर? मला धीर नाही झाला."