मावशी तळाला राहिली

माझा धाकटा भाऊ हुशार आहे. पूर्वी हे तो स्वतःच सांगत सुटायचा. हल्ली आम्ही म्हटलं तरी मान खाली घालतो.

डोळ्यांच्या दवाखान्यात पडद्यावर पेशंटची नावं येतात, तो प्रोग्राम त्याचाच. जुन्या प्रोग्राममध्ये नावांची नुसती चळत व्हायची, घासायला टाकलेल्या ताटांसारखी. शेवटचं ताट वर, तेच आधी हाताला. मग रांग करायची कशी? पठ्ठ्याने मोरीपाशीच मला करून दाखवलं. एका चळतीतलं एकेक ताट उचलून शेजारी रचलं. झालं, सगळ्यात पहिलं ताट वर!

"ताई, दोन चळतींची एक रांग!"

"आता घासूनही टाक," मी म्हटलं.

अट एकच होती: शेजारची चळत संपल्याशिवाय तिच्यावर नवं काही रचायचं नाही. नेमकी तीच हा शहाणा प्रोग्राममध्ये घालायला विसरला. घरी तपासताना सगळी नावं एकदम घातली, एकदम काढली; बरोबर आली. दवाखान्यात माणसं अशी एकदम येतात होय?

आई गेल्यावर आम्हाला मावशीने वाढवलं. एका सकाळी तिचा डोळा लालबुंद झाला, डोकं फुटायची वेळ आली. ती एकटीच दवाखान्यात गेली. दार उघडताच शिरलेल्या घोळक्यात ती शेवटची, म्हणून उलटं रचताना तिचं नाव शेजारच्या चळतीत तळाला गेलं. मागून येणारे सगळे तिच्यावर रचले गेले. तिला आत बोलावलं ते संध्याकाळी. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला दाब फार वेळ चढून राहिला. सकाळी पाहिला असता तर डोळा वाचला असता.

भाऊ काउंटरवरच्या बाईंवर उखडला. "म्हातारं माणूस दिवसभर बसलेलं दिसलं नाही तुम्हाला?"

"विचारलं हो मी," बाई म्हणाल्या. "तर म्हणाल्या, माझ्या भाच्याने केलंय हे, चुकायचं नाही."

तो तिथेच बाकावर बसून प्रोग्राम तपासू लागला.

चूक त्याने दुरुस्त केली, मावशीला सगळं सांगितलंही. "आता नीट केलंस ना? मग झालं," एवढंच ती म्हणाली. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हा जेवताना ताटाकडे बघत बसतो.

"अरे, मुद्दाम केलंस का तू?" मी एकदा चिडलेच.

"घाईत नीट तपासायचं टाळलं, ते मुद्दामच ना, ताई?"

परवा उरलेल्या डोळ्याची तपासणी होती. भावाने तिला थेट आत न्यायचं ठरवून ठेवलेलं. मावशीने हात झटकला. "वशिला कशाला? रांग आहे ना तुझी?" आणि पडद्याखाली निवांत जाऊन बसली.

याला कुठला निवांतपणा! दर नावाला उठून काउंटरवर विचारायचा, "मावशीचं नाव आहे ना अजून?" बाई कंटाळल्या.

नाव आलं, अगदी वेळेवर. "बघ, चुकलं का?" म्हणत मावशी उठली आणि आधारासाठी तिने हात पुढे केला, दुसऱ्याच बाजूला. तो तिच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूला उभा होता.