काम सोडलेली माणसं

मंगळवार पेठेतले निवृत्त प्राध्यापक संशोधकांना आकडेमोड करून देतात. कुणीही आलं, की संगणक उघडण्याआधी चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "पावणं, माणसं निवडलीसा कशी?"

मी इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगारांची फुप्फुसं तपासली होती. बहुतेक ठणठणीत निघाली. आलेल्या आकड्यांना संख्याशास्त्रातली कुठली चाचणी लावायची, एवढंच विचारायला गेलो होतो.

"कामावर हुती तेवढीच तपासलीसा न्हवं? खोकून खोकून काम सोडलेली कुठं हायत ह्यात?"

"सर, त्यांना शोधण्यात वर्ष जाईल."

"मग जाऊ दे की!" म्हणत त्यांनी कागद परत दिले.

मी दुसरीकडून काम करून घेतलं. पीएचडी मिळाली. माझा प्रबंध दाखवून मालकांनी धूळ ओढणारे पंखे बसवायचं टाळलं. सर आजही भेटले की घरच्यांची चौकशी करतात, कामगारांची करत नाहीत.