तिसरी हाक

गरमसूरच्या डोंगरात वाट चुकलेला माणूस पहिल्या हाकेला ओ देत नाही, दुसऱ्याही नाही. चकवा ओळखीच्याच आवाजात बोलावतो, पण त्याला दोनच हाका मारता येतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. शहाण्यांनी खुशाल हसावं. डोंगरात माणूस शोधायला जाणाऱ्याचं हसून भागत नाही.

पुनाजी उईके आणि त्याचे पाच-सहा सोबती तसे शोधायला जात. मोहफुलं वेचणारी बाई असो की परगावचा वाटसरू, कुणी हरवलं की हातातलं काम टाकून निघायचे. ना पैसा, ना मान, वर घरच्यांच्या शिव्या. नेम एकच: एका जागी उभं राहून तीन हाका, मग पुढचं पाऊल. परत आले की चावडीच्या फळ्यावर हरिदास मास्तर सगळं लिहायचे. कोण हरवलं, कुठं सापडलं, आणि आपलं काय चुकलं. बाजाराच्या दिवशी लोक तो फळा वाचायचे, ज्यांना येत नसे त्यांना वाचून दाखवायचे. पुनाजीला स्वतःला अक्षरओळख नव्हती, पण फळा कोरा राहिला की त्याला चैन पडत नसे.

सन अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात त्याची बायको बायजाच मोहफुलं वेचायला गेली, ती परतली नाही.

उन्हं कलताना पुनाजी नाल्याच्या काठी उभा राहून दोनदा ओरडला, "बायजे! बायजे!" आणि चालू लागला.

"तिसरी राह्यली नं," मागून त्याचा सोबती लहानू म्हणाला.

"ते का परकी हाय? वीस वर्साचा संसार हाय. माह्या पयल्याच हाकेले ओ देते ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी बायजा त्याच नाल्यात सापडली. दगडावरून पडून कंबर मोडलेली, उन्हानं होरपळलेली. पुनाजीनं तोंडात पाणी सोडलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "काल हाका आल्या. आवाज तुमचाच. पन तुमी तं तीनदा बलावता. दोनच आल्या, म्हून मी गप राह्यली."

बैलगाडी सडकेला लागायच्या आत ती गेली.

"पडून मेली, एवढंच लिहितो," हरिदास मास्तर म्हणाले. खडू घेऊन ते फळ्याकडे तोंड करून उभे होते, पुनाजीकडे पाहवत नव्हतं म्हणून. सोबत्यांनीही माना डोलावल्या.

"माह्यं नाव लिवा," पुनाजी म्हणाला. "पुनाजीनं दोनच हाका देल्ल्या, बाई आयकत होती, असं लिवा. नाई तं उद्या दुसरा कोनी आपल्या बायकोले दोनच देईन."

तसं लिहिलं गेलं. सगळ्या बाजारानं वाचलं. बायजाच्या माहेरच्यांनी त्याचं तोंड पाहणं सोडलं, आणि त्यांना तरी दोष कसा द्यायचा?

पुढं दहा वर्षं पुनाजी शोधायला जातच राहिला. सगळ्यांच्या पुढं, नेमानं तीन हाका देत. हरवलेलं माणूस सापडलं की घरचे त्याच्या गळ्यात पडून रडायचे, आणि हा मास्तरांना मजकूर सांगून एकटाच झोपडीकडे वळायचा. फार एकटा झाला होता बिचारा. संध्याकाळी चूल पेटवून दाराकडे तोंड करून बसायचा. त्याला हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. चकव्यानं जरी मारली असती, तरी त्यानं पहिल्याच हाकेला ओ दिली असती.