एकाच रकान्याचं रजिस्टर

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरला आम्ही पाठीमागे ‘चौकशी खिडकी’ म्हणायचो. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी तिथला लॅबवाला. जिन्याखालच्या खोलीत रक्त तपासत बत्तीस वर्षं काढली आणि खरं सांगतो, प्रश्न विचारणारी माणसं मला आवडत नाहीत. नळी आणा, आकडा न्या, विषय संपला.

सिस्टरचं सगळं उलटं. कुणाचं रक्त कमी निघालं की बाकीच्या सिस्टर लोहाच्या गोळ्यांचं पाकीट हातावर ठेवून मोकळ्या होत. ही बाई पेशंटला स्टुलावर बसवायची आणि खनपटीलाच बसायची. पाळीत अंगावरून फार जातं का? बर्फ चघळावासा वाटतो? माती? खडू? एकदा एका शाळेतल्या बाईंनी मान खाली घालून कबूल केलं, की वर्गातले खडू मुलं पळवत नाहीत, मीच खाते. “बरं झालं सांगितलंत,” सिस्टर म्हणाली, “लोह फार कमी झालं की असं होतं,” आणि गोळी चहाबरोबर घ्यायची नाही हे त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

“रक्त कमी असणं म्हणजे नुसती तक्रार हो, भाऊ,” ती मला ऐकवायची. “पोटात जाणंच कमी पडतंय, की कुठून वाहून जातंय, की मुळात नीट बनतच नाहीये? घोडं पेंड कुठे खातंय ते नको का बघायला?”

“ते डॉक्टर बघतील,” मी म्हणायचो. पण ती ऐकेल तर शपथ.

तिची आई जिना चढताना मधल्या पायरीवर बसून राहायची. घरातले म्हणायचे, कामचुकार आहे, नाटकं करते. आई गेल्यावर चार वर्षांनी ही नर्सिंग शिकायला गेली आणि पुस्तकात रक्त कमी झालेल्या बाईच्या, आईसारख्याच पांढुरक्या नखांचं चित्र बघून भर वर्गात रडली. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही ट्रे पुसता पुसता.

तर, कोपऱ्यावरचे सलूनवाले काका आमच्याकडे यायला लागले. अकरा वर्षं मधुमेहाच्या, म्हणजे साखरेच्या गोळ्या चालू, तोंड मेणासारखं पांढरं, हिमोग्लोबिन साडेसात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिने गेले, दर महिन्याला मी रक्त तपासलं, आकडा ढिम्म. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून टाकलं, ‘गोळ्या घेत नाही.’ काका हाताला मुंग्या येतात म्हणाले, तर ते साखरेमुळे. दोन तक्रारी, दोन उत्तरं, पुढचा पेशंट.

मग एक दिवस काकांच्या हातून गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला. बोटांना कळलंच नाही कुठे टेकलाय ते. त्या दिवसापासून त्यांनी वस्तरा हातात धरला नाही. “दुकान उघडतात, आरसे पुसतात आणि आलेल्या माणसाला परत पाठवतात,” काकू सिस्टरला सांगत होत्या. “चाळीस वर्षांचा हात आहे हो त्यांचा. हात गेला तर माणूस काय उरेल?”

सिस्टरनं स्टूल ओढून काकांना बसवलं. “काका, शौचाचा रंग कसा असतो?”

काकांनी छताकडे बघितलं. “बाईमाणसानं काय विचारावं!”

“लाजताय काय? सांगा.”

“काळा. गोळ्या सुरू झाल्यापासून.”

“मग गोळ्या पोटात जातायत, लोहानंच असा रंग येतो,” ती म्हणाली. “उगाच बदनाम केलं तुम्हाला.” मग जीभ बघितली. लालभडक, गुळगुळीत. मग म्हणाली, उभे राहा, पाय जुळवा, डोळे मिटा. डोळे मिटताच काका एका बाजूला कलंडले. ती आधीच हात पसरून उभी होती, म्हणून पडले नाहीत.

तशीच ती जिना उतरून माझ्याकडे आली. “भाऊ, काकांच्या तांबड्या पेशी केवढ्या आहेत?”

“साडेसात,” मी म्हणालो.

“तो हिमोग्लोबिनचा आकडा. मी पेशींचा आकार विचारतेय.”

आता आमची पद्धत सांगतो. मशीनमधून वीतभर लांब कागद निघतो, त्यावर अठरा आकडे. पण वर ओपीडीतल्या रजिस्टरला रकाना एकच, हिमोग्लोबिनचा. म्हणून मी तेवढा एक आकडा चिठ्ठीवर उतरवून पाठवायचो आणि कागद खिळ्याला टोचून ठेवायचो. कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुणी अडवलंही नव्हतं.

मी कुरकुरतच काकांचे चार कागद शोधून काढले. पेशींचा आकार साधारण ऐंशी ते शंभर असावा. काकांचा एकशे सतरा, एकशे एकोणीस, एकशे अठरा, एकशे एकवीस. लोह कमी असतं तर पेशी लहान व्हायला हव्या होत्या. या फुगलेल्या होत्या. मशीन चार वेळा ओरडून सांगत होतं आणि आम्ही साप म्हणून भुई धोपटत बसलो होतो. मी चारही कागद तिच्या हातात दिले.

सिस्टरचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. “अगं बाई! म्हणजे रक्त आणि बोटं, दोन्हींचं दुखणं एकच की काय?” ती कागद घेऊन डॉक्टरांकडे पळाली. साखरेची ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या अंगी बी-बारा जीवनसत्त्व लागत नाही, आणि ते कमी पडलं की तांबड्या पेशी फुगतात, नसाही बधिर होतात. डॉक्टरांनी तपासणी लिहिली. बी-बारा जवळजवळ संपलेलं होतं.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, पुढे महिन्याला. मी सिस्टरला विचारलं, “चार महिने आधी कळलं असतं तर?”

“कदाचित सगळं परत आलं असतं,” ती म्हणाली. “आता बघायचं.” बाई खोटं बोलून बरं वाटू देत नाही.

रक्त भराभर चढलं. बोटांनी मात्र अंत पाहिला. दर इंजेक्शनला ती काकांना डोळे मिटायला लावायची, कापूस टेकवून विचारायची, “कुठलं बोट?” दोन महिने काका चुकत होते आणि काकू पदर तोंडाला लावून बघत होत्या. तिसऱ्या महिन्यात उजव्या हाताची पाचही बोटं बरोबर आली. तळपाय मात्र बधिरच राहिले.

सिस्टर खाली आली. “काका अजून वस्तरा धरायला घाबरतात,” ती म्हणाली. “आणि भाऊ, त्या कागदांचं तुम्ही त्यांना सांगितलंत का?”

दोन दिवस मला तिचा भयंकर राग आला. तिसऱ्या दिवशी मी सलूनमध्ये गेलो. “काका, तुमचा आजार पहिल्या महिन्यापासून माझ्या खिळ्यावर टांगलेला होता. मी बघितला नाही. चूक माझी.”

काकांनी आपल्या पायांकडे बघितलं. “सकाळी मी चप्पल शोधत फिरतो,” ते म्हणाले, “आणि ती पायातच असते.”

मला रडू फुटलं. एवढा मोठा बाप्या मी, आरशासमोर उभा राहून रडलो. काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “बसा.”

मी बसलो. त्यांनी फेस लावला, वस्तरा उघडला आणि दुसऱ्या हाताची बोटं माझ्या जबड्याखाली टेकवली. कुठे टेकलीत ते आधी नीट चाचपून बघितलं.

“हलू नका,” काका म्हणाले. “माझा राग अजून गेलेला नाही.”

मी मान वर केली आणि हललो नाही.