जिच्या हातचं तिच्याच हातात

भगत मॅडमले पान्याचा गिलास देला का त्या टेबलावर ठेवतच नव्हत्या. पेऊन झालं का माया हात मोकळा व्हाची वाट पाहायच्या, अन् माया हातातच देयच्या. "जिच्या हातचं, तिच्याच हातात." मले वाटे, बाई जराशी सर्किट हाय.

दारव्ह्याजवळच्या जिनिंगात, कापसाच्या गाड्या मोजाच्या काट्यावरचा कॉम्प्युटर चालवाचं काम मले नवंनवंच भेटलं होतं. कापसाले भाव नव्हता तवाचे सालं, नवरा दूर कामाले गेलता, मी नववी नापास, अन् पोरगं तान्हं, त्याचा लुगड्याचा झोका काट्याच्या खोलीतच. गाडी आली का मी नाव टाकायची, पावती निघे. पन दुपार झाली का कॉम्प्युटर आपोआप बंद पडे, बाहेर गाड्याईची लाइन, लोकं बोंबलत, "ओ बाई, झोपली का वो?" अन् शेटजी म्हने, "तुयाच हातानं बिघडते. आता बंद पडलं तं उद्यापासून येऊ नको." माया जीव उडाला, हे काम गेलं तं पोराले घेऊन जाऊ कुठं?

काट्याचा प्रोग्राम भगत मॅडमनंच लिवला होता, बसवाले चार-पाच दिवस आल्याबी होत्या, म्हनून यवतमाळाहून परत बलावलं. मी रडतच म्हटलं, "मॅडम, म्या काईच नाई केलं वो, निस्तं बटन दाबलं."

"रडू नको. पोराले दे इकडं." कापसाचं बारीक तूस उडे, म्हनून आपला रुमाल त्याच्या डोक्याले बांधला, त्याले मांडीवर घेतलं अन् स्क्रीनवर प्रोग्राम वाचाले लागल्या.

"काय पाहून राह्यल्या, मॅडम?"

"एकेका पावतीले कॉम्प्युटरात जागा लागते, मेमरी. पावती छापली का परत कराची. तुया गावात लग्नाले सैपाकाचे मोठे गंज कुठून आनता?"

"थोडे बुद्धविहारातून, थोडे मंडपवाल्याकडून."

"अन् मंडपवाल्याचा गंज विहारात नेऊन देला तं?"

"झालं न तसं, नंदेच्या लग्नात! दोघंबी भांडाले आलते."

"इथंबी दोन घरं हायेत. प्रोग्राम सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतला, पन रोजचा भाव बदलवाले त्याच्या पोटात दुसरी छोटी भाषा बसवली. तिचं भांडार वेगळं. तिच्याकडून घेतलेली जागा तिलेच परत..."

अन् एका ओळीवर बोट ठेवलं. मंग असं हासल्या का पोरगं दचकलं. "अवं, मीच! तिच्याकडून घेतली अन् सी च्या घरी टाकून आली! म्हनून तं दुपारपर्यंत दोन्ही घरचा हिशोब बिघडून बंद पडे!"

तशाच उठल्या, गाडीवाल्याईसमोर शेटजीले म्हनल्या, "चूक मायी हाय. या पोरीची नाई."

"मॅडम, तुमचीबी चूक होते का?"

"होते न. म्हनून तं गिलास हातात देतो."

एकच ओळ बदलली त्याइनं. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला नाई. सांजेले मॅडमची बस आली, पोरगं त्याइच्या खांद्यावर झोपेल. मी म्हटलं, "झोक्यात टाका वो, बस जाईन."

गेली बस. शेवटची गाडी मोजेपर्यंत त्या उभ्याच. मंग माया हातात पोरगं देलं. "घे. तुयं तुले."

पुढच्या हंगामाच्या आधीच मॅडम वारल्या, काविळीनं, मले बी उशिरानंच समजलं. त्याइचा रुमाल त्या सांजेले पोराच्या डोक्यालेच राह्यला होता. धुऊन, घडी करून ठेवला हाय.

आता कोनाच्या हातात देऊ?